रुमालाखालचा भाव : वऱ्हाडातील व्यापार, सार्वजनिक भाषण आणि मराठी

पदवीच्या वर्गात 'उपयोजित मराठी' शिकवताना जाहिरात, निवेदन, मुलाखत, प्रसिद्धिपत्रक अशी प्रकरणे ओळीने येतात. उद्योजकाने समाजाशी कसे बोलावे, संस्थेची बाजू वृत्तपत्रांपुढे कशी मांडावी, आवाज, विराम, देहबोली यांचा उपयोग कसा करावा, हे सारे त्या प्रकरणांत येते. काही वर्षांपूर्वी असाच एक तास संपत आला असताना अकोट तालुक्यातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्या बापाले भाव कसा सांगावा, हे कोन्त्या पेपरात हाये?" वर्ग हसला. प्रश्न मात्र विनोदाचा नव्हता. त्याचे वडील त्याच आठवड्यात कापूस विकून आले होते, आणि ठरलेला भाव असा का ठरला, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्या प्रश्नाने मला आजोबांची एक आठवण परत आणून दिली. ते सांगत, जुन्या बाजारात दोन माणसे समोरासमोर बसत, हातांवर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकत, आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरे. एक बोट, दोन बोटे, मूठ. प्रत्येकाला अर्थ असे. शेजारी उभ्या असलेल्या मालाच्या धन्याला त्यातले काही दिसत नसे. यालाच हत्ता पद्धत म्हणत. हिंदुस्थानातील अनेक बाजारांत ती रूढ होती. आजोबा म्हणत, "भाव आपला, पन बोटं दुसऱ्याची." व्यापाराच्या इतिहासात ही पद्धत विक्रीचा एक प्रकार म्हणून नोंदली जाते. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी काही दिसावे. ही एक संपूर्ण भाषा होती. तिला चिन्हे होती, व्याकरण होते, जाणकार होते. ज्याच्या मालाबद्दल ती बोलली जाई, त्याला मात्र तिच्यातून कटाक्षाने वगळलेले असे.

व्यापार आणि उद्योग यांच्या धुरीणांनी समाजाशी कसे बोलावे, या आज कौशल्य म्हणून शिकवल्या जाणाऱ्या विषयाचा वऱ्हाडातील इतिहास या रुमालापासून सुरू करावा, असे मला वाटते. 'कसे बोलावे' या प्रश्नाच्या आधी 'कोणाशी बोलावे' हा प्रश्न उभा असतो, आणि वऱ्हाडच्या दीडशे वर्षांत त्याचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले आहे.

१

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजी व्यवस्थापनाखाली आला. पुढच्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासली आणि येथील काळ्या मातीकडे जगाचे लक्ष वळले. लोहमार्ग आला, तारायंत्र आले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. खामगावपर्यंतच्या लोहमार्गाच्या फाट्याचे उद्घाटन १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. एका तालुक्याच्या गावच्या रुळांसाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या रुळांवरून काय जाणार होते, हे कळते.

बातमी आता वेगाने धावू लागली. पण ती एका विशिष्ट दिशेनेच धावत होती. मुंबईचा आणि लिव्हरपूलचा भाव तारेने व्यापाऱ्याला कळे. बैलगाडीत कापूस भरून रात्रभर चालत आलेल्या शेतकऱ्याला तो व्यापाऱ्याच्या तोंडूनच कळे, आणि तोही जेवढा कळावा असे व्यापाऱ्याला वाटे तेवढाच.

ही व्यवस्था नियमांत आणण्याचा देशातील पहिला प्रयत्नही वऱ्हाडातच झाला, याची नोंद अर्थशास्त्राच्या पुस्तकांबाहेर फारशी घेतली जात नाही. १८८६ साली कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि पुढे इतर प्रांतांनी बाजार समित्यांचे कायदे करताना त्याच्याकडे नमुना म्हणून पाहिले. हा कायदा शेतकऱ्याच्या कळवळ्यातून निघाला, असे मानण्याचे कारण नाही. गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावाने मिळावा, ही त्यामागची मुख्य निकड होती. बाजार समितीत पाच सभासद असत; दोन नगरपालिकेचे, तीन कापसाच्या व्यापाऱ्यांपैकी. पिकवणाऱ्याला त्या समितीत जागा नव्हती. बाजाराला चौकट मिळाली, तोलमापाला नियम मिळाले. परंतु ज्याचा माल त्याला बोलण्याचा अधिकार मिळाला नाही. रुमाल कायद्याने थोडासा उचलला, एवढेच.

याच १८९७ सालच्या डिसेंबरात अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सर शंकरन नायर होते आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. देशभरातून नामांकित वक्ते आले आणि इंग्रजीत उत्तमोत्तम भाषणे झाली. एकाच वर्षी, एकाच प्रांतात दोन 'सार्वजनिक' जागा अशा आकाराला येत होत्या : एक मंडपातली, जिथे बोलणे हेच कार्य होते, दुसरी बाजारातली, जिथे बोटे बोलत होती. या दोन जागांमध्ये ये-जा करणारी माणसे थोडी होती. त्यांतले एक प्रमुख नाव रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांचे.

२

मुधोळकर (१८५७–१९२१) मूळचे धुळ्याचे. वकिलीच्या निमित्ताने वऱ्हाडात आले आणि अमरावतीचे झाले. १८९० साली राष्ट्रीय सभेने इंग्लंडमध्ये जे शिष्टमंडळ पाठवले, त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जी, अर्डली नॉर्टन, ॲलन ह्यूम यांच्यासोबत ते होते. १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. हे राजकीय चरित्र कोशांत मिळते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. १९०५ साली काशीला राष्ट्रीय सभेच्या जोडीने पहिली भारतीय औद्योगिक परिषद भरली. रमेशचंद्र दत्त तिचे अध्यक्ष होते. ही परिषद वर्षातून एकदा भरून विसर्जित होणारा मेळा ठरू नये, म्हणून तिचे कायमचे कार्यालय स्थापन झाले. ते कलकत्त्याला किंवा मुंबईला न ठेवता अमरावतीला ठेवण्यात आले आणि मुधोळकर तिचे सरचिटणीस झाले. त्यांचे साहाय्यक सी. वाय. चिंतामणी, हेच पुढे अलाहाबादच्या 'लीडर'चे संपादक म्हणून देशभर गाजले.

कल्पना करून पाहा : शतकापूर्वीची अमरावती, आणि त्या गावातून देशभरच्या कारखानदारांना, संस्थानांना, प्रांतिक सरकारांना पत्रे जात आहेत, माहिती मागवली जात आहे, निबंध गोळा होऊन छापले जात आहेत. उद्योगधंद्यांच्या वतीने सार्वजनिक बोलण्याची शिस्त म्हणजे काय, हे या कार्यालयाने दाखवले. भावनेच्या आवाहनाला आकड्यांचा आधार द्यावा, मागणी ठरावाच्या रूपात नेमकी मांडावी, विरोधकाचा मुद्दा वाचून मगच उत्तर द्यावे, आणि झालेले बोलणे छापून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी ते नाकारता येत नाही. आजच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गाने याहून अधिक काय सांगावे?

तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हा सारा व्यवहार इंग्रजीत होता. त्याला सबळ कारण होते. मद्रासचा सूतगिरणीवाला, लाहोरचा व्यापारी आणि कलकत्त्याचा रसायनतज्ज्ञ यांना एका मंडपात आणणारी दुसरी भाषा त्या काळी उपलब्ध नव्हती, आणि ज्या सरकारकडे गाऱ्हाणे न्यायचे ते सरकारही इंग्रजीच वाचत होते. मुधोळकरांना दोष देणे हा इतिहासावर अन्याय होईल. परंतु परिणाम तो परिणामच. अमरावतीच्या त्या कार्यालयापासून कापसाचा बाजार फार लांब नव्हता, आणि त्या बाजारातील गाडीवान त्या कार्यालयाचा श्रोता कधीच नव्हता.

३

याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळी गोष्ट घडत होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) बेळगावात लोखंडी नांगर करू लागले, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितले जाते. नांगर चांगला असून भागत नव्हते. तो चांगला आहे हे शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच शेतात पटवावे लागत होते. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० च्या जानेवारीत 'किर्लोस्कर खबर' निघाले. संपादक होते शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. कारखान्याची बातमी ग्राहकांना आणि विक्रेत्यांना द्यावी, यंत्राची माहिती सोप्या मराठीत सांगावी, एवढाच मूळ हेतू. अमेरिकेत अशी पत्रे रुळली होती. फोर्ड कंपनीचे 'फोर्ड टाइम्स' १९०८ पासून निघत होते.

पुढे काय झाले, ते मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. 'खबर'चे 'किर्लोस्कर' झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध येथे छापले गेले, स्त्रियांच्या प्रश्नांवर वाद झडले, कथालेखकांची एक पिढी येथे वाढली. आपण वाङ्मयेतिहास शिकवतो तेव्हा 'किर्लोस्कर' हे मासिक म्हणून शिकवतो आणि त्यामागचा नांगर विसरतो. वस्तुतः नांगर विकण्याच्या गरजेने मराठी गद्याला एक नवा वाचक मिळवून दिला होता : शिकलेला, उद्योगी, गावात राहणारा, छापील शब्दाची शेतात परीक्षा घेणारा. त्या वाचकाशी फुगवून बोलणे परवडत नव्हते. नांगराचा फाळ मोडला असता तर अग्रलेखाने तो सांधला गेला नसता.

येथे वऱ्हाडच्या अभ्यासकाला एक प्रश्न पडतो. अमरावती-अकोल्याला शिक्षण होते, छापखाने होते, वृत्तपत्रांची परंपराही जुनी होती. अकोल्याहून निघणाऱ्या 'वऱ्हाड समाचार'मध्ये विद्यार्थिदशेतील आगरकरांनी लेखन केले होते. पैसा तर किर्लोस्करवाडीपेक्षा कितीतरी अधिक होता. मग वऱ्हाडातील जिनांच्या भोंग्यांतून 'किर्लोस्कर'च्या तोलाचे मासिक का जन्माला आले नाही?

मला सुचणारे उत्तर साधे आहे. बोलणे ग्राहकाकडे वळते. किर्लोस्करांचा ग्राहक शेतकरी होता. म्हणून त्यांना शेतकऱ्याशी मराठीत, आदराने आणि खरे बोलावे लागले. वऱ्हाडातील कापूस व्यापाऱ्याचा ग्राहक मुंबईत आणि समुद्रापलीकडे होता. शेतकरी त्याच्यासाठी केवळ माल आणणारा होता. विकणाऱ्याला घेणाऱ्याची मनधरणी करावी लागते, घेणाऱ्याला विकणाऱ्याची फारशी करावी लागत नाही. विशेषतः विकणारा कर्जात असेल आणि बैल उपाशी उभे असतील तेव्हा. म्हणून व्यापारी तारेच्या भाषेत मुंबईशी बोलला आणि बोटांच्या भाषेत दलालाशी. ज्याच्याशी मराठीत बोलायचे तो समोरच उभा होता, पण त्याच्याशी बोलण्याची गरज धंद्याला नव्हती.

किर्लोस्करांचे बोलणेही स्वार्थाचेच होते, ती जाहिरातच होती, असा आक्षेप येथे घेता येईल. तो खरा आहे. मात्र त्या स्वार्थाला उत्तरदायित्वाची वेसण होती, कारण ऐकणाऱ्याच्या हाती नकार होता. संवादाचा दर्जा वक्त्याच्या सद्गुणांपेक्षा श्रोत्याच्या या नकाराच्या अधिकारावर अधिक अवलंबून असतो. व्यासपीठावरील कौशल्य शिकवणाऱ्या पुस्तकांत हे वाक्य सहसा सापडत नाही.

४

वऱ्हाडातील व्यापारी समाजातून मराठी सार्वजनिक जीवनात आलेले एक महत्त्वाचे नाव म्हणजे अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी (१८९६–१९६८). लोक त्यांना 'विदर्भकेसरी' म्हणत. प्रांतिक काँग्रेसचे नेतृत्व, संविधान सभेचे सदस्यत्व, जुन्या मध्य प्रदेशाचे अर्थमंत्रिपद, स्वतंत्र विदर्भाचा आग्रह, असा त्यांचा प्रवास. घरची भाषा मारवाडी, ललितलेखन हिंदीत, आणि त्यांच्या प्रेरणेने अकोल्याहून निघालेले 'मातृभूमी' मात्र मराठीत. ज्या समाजाला नेतृत्व द्यायचे त्याच्या भाषेत आले पाहिजे, ही जाण त्यांना होती. तरी तेथेही मराठीत आले ते राजकारण. बाजाराचा हिशेब मराठीच्या उजेडात तितकासा आला नाही.

पिकवणाऱ्याच्या बाजूने बोलण्याची संस्थात्मक व्यवस्था उभी केली ती पंजाबराव देशमुखांनी (१८९८–१९६५). अमरावती जिल्ह्यातील पापळचा हा मुलगा इंग्लंडला गेला, बॅरिस्टर झाला, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगम-विकासावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतला. परतल्यावर त्यांनी वेदांवर व्याख्याने देत फिरणे पसंत केले नाही. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला, त्यात ते पुढे होते. शेतकरी संघ काढला, 'महाराष्ट्र केसरी' चालवले, १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. शेतकऱ्याचा मुलगा शिकला तर रुमालाखालच्या बोटांचा अर्थ त्याला कळेल, ही त्यामागची दृष्टी होती, असे मी मानतो.

पुढे केंद्रात कृषिमंत्री असताना, १९५५ मध्ये, त्यांनी भारत कृषक समाज स्थापला, आणि या समाजाने दिल्लीत १९५९–६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. उद्घाटनाच्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. प्रदर्शन हा संवादाचा किती विलक्षण प्रकार आहे, याचा विचार वाङ्मयाच्या लोकांनी करायला हवा. त्यात अक्षरओळखीची अट नसते. पाहणारा चालतो, थांबतो, हात लावतो, शंका विचारतो, शेजाऱ्याला कोपराने ढोसून 'हे आपल्याकडे चालणार नाही' म्हणतो. वक्ता आणि श्रोता यांतील उंचीचा फरक मिटतो. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेले आणि त्यांचेच नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ जी 'शिवार फेरी' भरवते, तिच्यातही हेच तत्त्व आहे. शास्त्रज्ञाला उभ्या पिकासमोर उत्तर द्यावे लागते, आणि पीक पोपट्यासारखे पढवता येत नाही.

याच जिल्ह्याच्या मातीतील गाडगेबाबांचे (निधन १९५६) स्मरण येथे अटळ आहे. ते उद्योजक नव्हते. पण धर्मशाळा, घाट, सदावर्ते यांसाठी त्यांनी जमवलेला लोकनिधी आणि त्याचा चोख विनियोग पाहिला, तर व्यवस्थापनाच्या कोणत्याही अभ्यासकाने टोपी काढावी. त्यांचे कीर्तन प्रश्नांचे होते. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना विचारत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. श्रोत्याच्या उत्तराशिवाय कीर्तन पुढे सरकतच नसे. आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांची पद्धत आमच्या अभ्यासक्रमात किती आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

५

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. आता घेणारा सरकार होता, भाव जाहीर होत होता, वर्तमानपत्रात छापूनही येत होता. रुमाल संपला, असे वाटावे अशी ही स्थिती. पण जाहीर झालेला भाव समजावून दिला जात होता का? ऐंशीच्या दशकात शरद जोशी विदर्भाच्या गावोगावी सभा घेऊ लागले, तेव्हा हजारो शेतकरी अर्थशास्त्राची भाषणे तासन्‌तास ऐकत बसले. उत्पादनखर्च कसा काढतात, निर्यातबंदीने गावातला भाव का पडतो, हे ते फळ्यावर गणित मांडावे तसे सांगत. 'इंडिया' आणि 'भारत' हे दोन शब्द समोरासमोर ठेवून त्यांनी एक संपूर्ण सिद्धान्त लोकांच्या बोलण्यात आणला. त्यांच्या मतांशी वाद असणारे पुष्कळ आहेत. परंतु शेतकऱ्याला अवघड गोष्ट कळत नाही, ही शहरी समजूत त्या सभांनी खोटी ठरवली. अवघड काही नव्हते; कोणी सांगितले नव्हते.

पुढे एकाधिकार योजना मोडीत निघाली. २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना मदत जाहीर करावी लागली, त्यांत अमरावती आणि अकोला होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणे अनेक आहेत, आणि संवादाचा अभाव हे त्यांतले एकमेव कारण असे म्हणणे हा उथळपणा होईल. तरी ज्या माणसाच्या आयुष्याचा निर्णय त्याला न कळणाऱ्या भाषेत होतो, त्याचे एकटेपण हा साहित्याचा विषय आहे, एवढे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. आज भाव भ्रमणध्वनीवर दिसतो. न्यूयॉर्कचा वायदा, रुपयाचा दर, सरकीचा भाव, सारे पडद्यावर सरकत असते. आकडा उघडा आहे, अर्थ अजून रुमालाखालीच आहे.

त्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या वर्षी मात्र 'निवेदनलेखन' या प्रकरणाचा स्वाध्याय बदलला. काल्पनिक कंपनीच्या काल्पनिक उत्पादनाचे प्रसिद्धिपत्रक लिहा, असे पूर्वी विचारत असे. आता विचारतो : तुम्ही जिनिंग कारखान्याचे मालक आहात, आज भाव कालच्यापेक्षा कमी द्यावा लागणार आहे, गाड्या दारात उभ्या आहेत, कारण मराठीत सांगा. मुले पहिल्यांदा 'जागतिक बाजारपेठेतील अस्थिरतेमुळे' असे लिहितात. मी कागद परत करतो. दुसऱ्यांदा 'अपरिहार्य कारणास्तव' येते. तोही परत जातो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एखादी मुलगी लिहिते की मुंबईचा भाव इतका आहे, वाहतूक इतकी, घट इतकी, आमचा नफा इतका, आणि उरलेला तुमचा भाव. पटत नसेल तर गाडी परत न्या, ठेवायला आमचे आवार मोकळे आहे.

एवढे लिहायला मराठीत शब्दांची वाण नाही. 'आमचा नफा इतका' हे तीन शब्द लिहिताना मात्र वर्गात दरवर्षी पेन थांबते.